नाव घेऊन प्रार्थना

आमच्या मंडळीच्या महिला मंडळाची मी बरीच वर्षं सेक्रेटरी होते. शुक्रवारी दुपारी प्रार्थनासभा असायची, कधी चर्चच्या हॉलमध्ये, कधी कुणाच्या घरी. गीत, वचन, साक्ष आणि शेवटी 'प्रार्थना विषय'. या शेवटच्या भागाची आम्ही सगळ्याच वाट बघायचो. आजारपणं, परीक्षा, नोकऱ्या, रखडलेल्या सोयरिकी उरकल्या की आवाज जरा खाली यायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "एका घराचा भार आहे माझ्या मनावर. नाव नाही घेत मी." नाव सोडून बाकी सगळं सांगितलं जायचं: गल्ली, नवऱ्याचा कारखाना, मुलगी कितवीत आहे ते. एवढं झाल्यावर नावाची गरज कुणाला?

मी मात्र नाव घेत असे. आडून बोलणं मला खोटेपणाचं वाटायचं. नगर जिल्ह्यातल्या शाळेत आयुष्य काढलेली बाई मी. जे बोलायचं ते स्पष्ट, असा माझा लौकिक होता आणि मला त्याचा अभिमानही होता.

मंडळीत पेटी वाजवणारा एक गृहस्थ होता. वयाने माझ्या मुलाएवढा. एमआयडीसीतला त्याचा कारखाना बंद पडला, दुसरीकडे कुठे जम बसेना आणि तो पिऊ लागला. एका संध्याकाळी देशीच्या दुकानातून बाहेर पडताना मी त्याला पाहिलं. हातात कापडी पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. म्हणजे घरून भाजी आणायला निघालेला माणूस. रस्ता ओलांडून मी त्याला हाक मारू शकले असते. तो थांबलाही असता. माझ्यापुढे मान वर करून बोलणारा तो नव्हता. मी हाक मारली नाही. शुक्रवारची वाट पाहिली.

शुक्रवारी मी ते मेथीच्या जुडीसकट सांगितलं. बारीकसारीक तपशील दिला की ऐकणाऱ्याच्या मनाला भिडतं, हे मी वर्गात शिकले होते. भिडलंच. दोघींनी डोळे पुसले, एकीने फार सुंदर प्रार्थना केली, आणि चहा घेताना पुन्हा तोच विषय निघाला, या वेळी डोळे उघडे ठेवून. रविवारी दानार्पणाच्या गीताला तो पेटीवर बसला तेव्हा बाकांवरच्या माना एकमेकींकडे वळल्या. बायकोचं मंगळसूत्र त्याने विकलं, असं तोवर पसरलं होतं. मंगळसूत्राचं मी बोलले नव्हते. ते वाटेत कुणीतरी घातलं होतं. पण वाट मीच करून दिली होती. पुढे त्याने पेटीवर बसणं सोडलं, मग येणंच सोडलं.

काही दिवसांनी त्याची बायको माझ्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "बाई, आमच्यासाठी प्रार्थना केलीत म्हणे. मग घरी का नाही आलात?"

आम्ही एकाच गल्लीत राहतो. "वेळच झाला नाही गं," असं काहीतरी मी पुटपुटले.

तरी मी लगेच शहाणी झाले असं नाही. माझ्याजवळ बचाव तयार होता: मी खोटं काय बोलले? नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको असं सांगते, आणि माझी साक्ष तर डोळ्यांनी पाहिलेली. हे मी वसईच्या एका कॅथलिक मैत्रिणीपाशी बोलले. तिने सरळ सांगितलं की त्यांच्या धर्मशिक्षणात या पळवाटेला जागाच नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात दोन वेगळी पापं सांगितली आहेत. खोटं रचून कुणाचं नाव खराब करणं हे एक. आणि ज्याला ठाऊक नाही त्याला, योग्य कारण नसताना, कुणाचा खरा दोष सांगणं हे दुसरं. माझं पाप दुसऱ्या खान्यातलं होतं. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळी पोपचं ऐकत नाही, पण 6 सप्टेंबर 2020 रोजी, ऐन करोनात, पोप फ्रान्सिस यांनी चहाडखोरी ही करोनापेक्षाही वाईट साथ आहे असं म्हटलं, तेव्हा मी मुकाट्याने मान हलवली होती. त्या दिवशी ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायावर बोलत होते.

तो अध्याय मला तोंडपाठ होता. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा. त्याने ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. तरीही नाही ऐकलं, तरच मंडळीला सांग. येशूने घालून दिलेला हा क्रम आम्ही शेपटाकडून सुरू करत होतो. आधी मंडळी, मग एकदोघी, आणि ज्याचा विषय तो माणूस सर्वात शेवटी. बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नसे. शिवाय मत्तयात मुळात एकाने दुसऱ्याचा केलेला अपराध आहे. पेटीवाल्याने माझं काय बिघडवलं होतं? मला त्या अध्यायाचाही आधार घेता येत नव्हता.

त्याहून जास्त बोचला तो नोहा. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट मी कितीदा शिकवली असेन. जलप्रलयानंतर नोहाने द्राक्षमळा लावला, तो द्राक्षारस प्याला आणि आपल्या तंबूत उघडा पडला. गोष्ट सांगून मी मुलांना दारूचे दुष्परिणाम लिहायला लावायची. पण उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात शाप येतो तो दारूबद्दल नाही. हामने बापाला तशा अवस्थेत पाहिलं आणि बाहेर जाऊन भावांना सांगितलं. शेम आणि याफेथ खांद्यावर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत आत गेले. बाप दिसू नये म्हणून तोंड फिरवून त्यांनी त्याला पांघरूण घातलं. हामने काही खोटं सांगितलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी शेम-याफेथचं पाठमोरं चालणं नाटक करून दाखवायची, मुलं हसायची, आणि हामच्या जागी मी कधी स्वतःला ठेवून पाहिलं नव्हतं.

शेम-याफेथचं काम आमच्या मंडळीत एका म्हाताऱ्या डीकनने केलं. हे मला पुष्कळ नंतर कळलं, कारण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. चर्चची जुनी पेटी ते घरी घेऊन गेले. भाता फाटला आहे, सूर धरत नाही, तुझ्याशिवाय कुणाला यातलं कळतं, असं सांगून त्यांनी त्याला बोलावलं. तेही नेमकं तो घरातून बाहेर पडायचा त्या वेळी. दोघं ओट्यावर बसत. भात्याच्या घड्या सोडवायच्या, जुना सरस खरवडून काढायचा, नवं कापड चिकटवायचं. मग एकेक सूरपट्टी बाहेर काढून ब्रशने धूळ झाडायची आणि परत तिच्या घरात बसवायची. काम आठवड्यात होण्यासारखं. डीकनसाहेबांनी ते पावसाळाभर पुरवलं. त्याच्या पिण्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही म्हणतात. एका संध्याकाळी त्यानेच काढला. तो त्यानंतर लगेच सुटला वगैरे काही नाही. सुटला, परत लागला, परत सुटला. म्हाताऱ्याचा ओटा मात्र उघडा राहिला.

आमच्याच हॉलमध्ये आठवड्यातून एका संध्याकाळी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा भरते. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात 1935 साली बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरत हे काम सुरू केलं. भारतात ते 1957 मध्ये आलं. त्यांची एक खुली सभा होती, तिला मी गेले. माणसं उभी राहत होती, नुसतं पहिलं नाव सांगत होती आणि आपण काय काय केलं ते बोलत होती. बायकोला मारलं, पोराच्या फीचे पैसे प्यालो, नोकरी घालवली. कुणी कुणाला मध्ये थांबवलं नाही, उपदेश केला नाही. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, हा त्यांचा दंडक. त्यांच्या बारा पायऱ्यांतली चौथी स्वतःच्या दोषांची झडती घेण्याची आहे. दुसऱ्याच्या झडतीला त्या बारांत कुठे जागा नाही. त्याच हॉलमध्ये, त्याच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही शुक्रवारी दुसऱ्यांचे दोष सांगत होतो आणि बाहेर नेत होतो. आमच्या भिंतीवर क्रूस होता, एवढाच काय तो फरक. पेटीवाला त्या सभेला जातो की नाही ते मी विचारलेलं नाही. ठाऊक असतं तरी इथे लिहिलं नसतं. बाकी जे लिहिलं आहे ते त्याच्या बायकोला आधी वाचून दाखवलं आहे. तिने सांगितलं त्या गोष्टी बदलल्या आहेत. मेथी राहू द्या, म्हणाली.

दुसऱ्याच्या दोषांविषयी तोंडच उघडू नये, असं मी म्हणत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या नवऱ्याचा, म्हणजे रेव्हरंड टिळकांचा तापटपणा, हातात पैसा न टिकणं, सगळं सांगितलं आहे, आणि ते वाचून टिळकांवरचं आपलं प्रेम वाढतं. पण त्या माणसाबरोबर त्या राहिल्या होत्या, त्याच्या लहरींची किंमत स्वतः मोजली होती, आणि हसताना स्वतःलाही सोडत नव्हत्या. माझं तसं काय होतं?

आणि आता दुसरी चूक, पहिलीहून वाईट. पेटीवाल्याच्या प्रकरणानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. प्रीती पुष्कळ पापांवर पांघरूण घालते, हे पेत्राचं म्हणणं मी पदराला गाठ मारून ठेवलं. मग एक तरुण सून माझ्याकडे आली. दंडावर वळ होते. मी तिला जवळ घेतलं, तिच्याबरोबर प्रार्थना केली, कुणापाशी बोलणार नाही असं वचन दिलं आणि ते पाळलंही. सहन कर, तो बदलेल, असं सांगितलं. मी गप्प बसले ते महिने तिने मार खाल्ला. शेवटी तिची बहीण तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे घेऊन गेली. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली ही सोय आहे, आणि शाळेत राहून मला ती माहीत होती. मी पांघरूण घातलं होतं ते मारणाऱ्यावर. ज्याच्या दोषाने दुसऱ्याचं अंग फुटतं, लेकरू धोक्यात येतं किंवा मंडळीचा पैसा जातो, तिथे योग्य माणसाला, नाव घेऊन, त्याच दिवशी सांगितलंच पाहिजे. चहाच्या कपाबरोबर तिसऱ्याला नाही. एवढा साधा भेद मला उतारवयात कळला.

पेटीवाल्याच्या घरी मी शेवटी गेले. दोघांची माफी मागितली. तो काही बोलला नाही, पाणी आणून दिलं. डीकनसाहेबांचं म्हणणं पडलं की गुन्हा जितक्यांसमोर झाला तितक्यांसमोर माफी मागावी. मलाही पटलं. मी त्याच्या बायकोला विचारायला गेले तर तिने हात जोडले. "नका बाई. परत तीच गोष्ट निघेल." जे तोंडातून गेलं ते माफी मागूनसुद्धा परत घेता येत नव्हतं, कारण माफी म्हणजे पुन्हा तीच वार्ता.

म्हणून एका शुक्रवारी मी एवढंच म्हणाले की या सभेत मी दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगितली, ते पाप होतं, आणि यापुढे ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याची परवानगी घेतल्याशिवाय नाव किंवा खुणा सांगायच्या नाहीत. सगळ्यांनी आमेन म्हटलं. पायऱ्या उतरताना एकीने माझा दंड धरून हळूच विचारलं, "कुणाची हो गोष्ट?"

नियम अजून टिकून आहे. सभा लवकर संपते आणि पूर्वीपेक्षा बायका कमी येतात. मोबाइलवरच्या ग्रुपला तो लागू करणं आम्हाला अजून जमलेलं नाही. पेटीवाल्याची बायको रविवारी येते, माझ्याशी नीट बोलते, शुक्रवारी येत नाही. तिचं बरोबर आहे.