टेलिफोनची तार आणि आमचा मोडेम

टेलिफोनची तार ही सर्व पृथ्वीवर एकाच जातीची असते, असें आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होतें. तांब्याच्या दोन तारा, त्यांत केंद्राकडून येणारा सुमारें 48 व्होल्टचा दाब, आणि रिसीव्हर उचलतांच वाहूं लागणारा किंचित् प्रवाह. यांत देशभेद तो कसला? परंतु 1990 नंतरच्या दशकांत पुण्याच्या एका लहानशा कारखान्यांत मोडेमचीं विद्युन्मंडलें आंखण्याचें काम आमच्याकडे आलें, आणि हा भ्रम फिटला. संगणकांतील आंकड्यांचे स्वर करून तारेवर घालावयाचे व पलीकडून आलेल्या स्वरांचे पुनः आंकडे करावयाचे, हें मोडेमचें काम. आमचीं यंत्रें निरनिराळ्या देशांत जावयाचीं होतीं.

प्रत्येक देशाच्या तारेस आपली स्वतंत्र बोली असते. अमेरिकेंत रिसीव्हर उचलला कीं 350 व 440 आवर्तनांचे दोन स्वर एकदम ऐकूं येतात. आपल्याकडे 400 आवर्तनांचा एकच स्वर, आणि तोहि जुन्या पद्धतींत 25 आवर्तनांनीं हेलकावलेला. म्हणून त्याची ती गुरगुर. अमेरिकन मोडेम ही गुरगुर ऐकूनहि 'तारेवर स्वर नाहीं' असें सांगून स्वस्थ बसे. त्यास 'ए टी एक्स 3' अशी आज्ञा देऊन, स्वराची वाट न पाहतां नंबर फिरव, असें बजावावें लागे. घंटेचीहि तऱ्हा निराळी. तिकडची 2 सेकंद वाजून 4 सेकंद थांबते; आपली लागोपाठ दोनदां वाजून मग 2 सेकंद विसावते. जर्मनींत 16,000 व स्वित्झर्लंडांत 12,000 आवर्तनांच्या टिचक्या पैशांच्या मोजणीसाठीं संभाषण चालू असतांनाच तारेवर सोडीत. बोलणारास त्यांचा पत्ताहि लागत नसे. मोडेम मात्र गोंधळून जाई.

सर्वांत कटकटीची गोष्ट म्हणजे तारेशीं अवरोधाचा मेळ बसविणें. अमेरिकेस 600 ओहमचा साधा रोध पुरे. युरोपच्या 1998 च्या 'टी.बी.आर. 21' या नियमांत 270 ओहम, आणि त्यापुढें 750 ओहम व 150 नॅनोफॅरडचा संधारक शेजारीं शेजारीं. हा मेळ चुकला कीं मोडेमचाच आवाज परतून त्याच्या कानीं येतो आणि दूरचें क्षीण बोलणें त्यांत बुडून जातें. स्वतःच्या बडबडीनें बहिरे झालेले वक्ते वाचकांनीं पाहिले असतीलच! पुढें ऑस्टिनच्या सिलिकॉन लॅबोरेटरीजनें अशी चकती काढली कीं तिला नुसती आज्ञा दिली म्हणजे देश बदलावा. तोंवर आम्ही दर देशासाठीं निराळे रोध झाळून बसत होतों. देशांचें एक मोठें कोष्टक आम्हीं भिंतीस लाविलें होतें, आणि त्याचा आम्हांस अभिमान होता.

1997 च्या जूनमध्यें रजेवर यवतमाळ जिल्ह्यांत दारव्ह्यास घरीं गेलों, तेव्हां एक नमुना बरोबर नेला. आमचें घर गांवाच्या कडेला, काळ्या रानाला लागून. शेवटची बरीच तार खांबांवरून उघड्यावर आलेली. अशा तारेवर परीक्षा घ्यावी, हा हेतु. रात्रीं उशिरा एस.टी.डी.चे दर उतरल्यावर पुण्याशीं जोडणी करून पाहिली, ती लागली. आमच्या वडिलांस, नानांस, कौतुक वाटलें.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं मृगाच्या ढगांनीं आकाश काळवंडलें. रानांत कोठेंतरी वीज पडली. गांवचे दिवे गेले ते दोन दिवस आले नाहींत, म्हणून संगणकास हात लागला नाहीं. टेलिफोनहि मुका होता. परंतु आमच्याकडे फोन आला तर उचलावयाचा, आपण होऊन करावयाचा तो सणासुदीस. त्यामुळें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. तिसऱ्या सकाळीं पुसदहून आतेभावानें पाठविलेला माणूस एस.टी.नें आला. आमची आत्या, नानांची एकुलती एक बहीण, आदल्या पहाटे गेली होती. सायंकाळपर्यंत वाट पाहून त्यांनीं सर्व उरकलें. "पन्नास वेळां फोन केला, पण तुमचा सारखा एंगेज!" असें तो म्हणाला.

आम्ही मोडेम उघडला. विजेचा दाब शोषून घेण्यासाठीं दोन तारांमध्यें बसविलेली चकती त्या आघातानें भाजून आंतल्या आंत जुळली होती. केंद्रास वाटत होतें कीं या घरीं रिसीव्हर उचललेला आहे. अमेरिकन नियमांतील 800 व्होल्टची परीक्षा हाच नमुना पुण्यास उतरला होता. ती चकती मोडली तर कशी मोडेल, हा प्रश्न मात्र आम्हीं विचारला नव्हता. तिच्याअलीकडे चार आण्यांचा फ्यूज असता, तर तो जळता, मोडेम मरता, आणि तार मोकळी राहती.

नाना पुसदहून परतले ते दोन दिवस बोलले नाहींत. मग एकदां जेवतांना ताटाकडे पाहत म्हणाले, "तुझ्या त्या देशांच्या यादींत दारव्हें होतें काय रे?"

पुण्यास गेल्यावर आम्हीं मंडल बदललें. तारेच्या तोंडाशींच फ्यूज, त्यामागें भुईशीं जोडलेली वायूची नळी, आणि मग ती चकती. मालकांनीं वाढलेल्या खर्चाबद्दल कुरकूर केली. आम्ही मागें हटलों नाहीं. नवा नमुना दारव्ह्यास बसविला आणि तो पुढें कधीं बिघडला नाहीं. परंतु नानांचा त्यावर विश्वास बसला नाहीं. पश्चिमेस ढग दिसले कीं ते उठत, मोडेमची पिन काढीत, आणि पाऊस ओसरल्यावर रिसीव्हर कानास लावून गुरगुर येते कीं नाहीं तें पाहत. आम्हीं पुण्याहून फोन केला म्हणजे ख्यालीखुशालीच्या आधीं त्यांचा एकच प्रश्न असे, "कितव्या वेळीं लागला?"