गव्हाण गेली, गव्हाणी घुबड कुठं जाणार?



आज उंदरांवर लिहितोय, आणि घुबडांवरही. गेल्या दोन हंगामांच्या नोंदी वहीत साठल्यात, त्या एकत्र मांडतो.

खारातल्या शेतकऱ्याला उंदराचा मार दुहेरी. गोड्या जमिनीत उंदीर भात खातो. खारात तो भात खातो आणि बांधही पोखरतो. पोटरीतल्या भाताच्या काड्या बुडाशी तिरप्या कापलेल्या दिसल्या की नुकसान निदान डोळ्यांना दिसतं. बांधाच्या पोटातलं बीळ दिसत नाही. उधाणाचं पाणी चढलं की त्याच बिळातून झिरपतं, माती सुटते आणि बघता बघता बाहेरकाठ्याला खांड पडते. खारं पाणी एकदा आत आलं की पुढचे दोन-तीन पावसाळे जमिनीतलं मीठ धुऊन निघायची वाट बघत बसायचं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 अशा खारटपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या, त्यांचा आधार आहे. पण उभ्या शेतात समुद्र शिरला तर कुठली जात टिकणार?

म्हणून आमच्या उरणच्या पूर्व भागात उंदीर दिसला की औषध, असा सरळ हिशोब. एक तर झिंक फॉस्फाईड, नाहीतर ब्रोमाडायोलोनच्या वड्या. औषधानं उंदीर मरतो, खोटं नाही. पण दोन-तीन महिन्यांत शेजारच्या शेतातले, मिठागराच्या बांधातले, खाजणातले उंदीर मोकळ्या बिळांत येऊन राहतात. घर तयारच असतं, भाडंही नाही!

नावातच पत्ता आहे

आपल्याकडं शेताजवळ दोन घुबडं जास्त दिसतात. एक पिंगळा. मूठभर पक्षी, संध्याकाळी तारेवर जोडीनं बसून कलकलाट करतो. पहाटे कुडमुडं वाजवत येणाऱ्या पिंगळ्याचं आणि याचं नाव एकच. हा किडे, नाकतोडे, सरडे, बारके उंदीर खातो. दुसरं गव्हाणी घुबड. बदामासारखं पांढरं तोंड, पोट पांढरं, पाठ सोनेरी राखाडी. याचं मुख्य अन्न उंदीर.

गव्हाणी हे नाव गव्हाणीवरून, म्हणजे गोठ्यात गुरांना वैरण घालतो त्या जागेवरून. गोठा, माळा, कौलारू घराचं आढं, देवळाचा जुना कळस, वडाची ढोली, या त्याच्या राहायच्या जागा. आता उरणकरांनी स्वतःच्या गावाकडं बघावं. बैल गेले, गोठे गेले. कौलं उतरली, स्लॅब पडले. देवळांचे जीर्णोद्धार झाले, आणि नव्या कळसाला भोक कोण ठेवतो? 1989 ला जेएनपीटी सुरू झालं, त्याच्या आधीपासून जमिनी जात होत्या. रस्ते रुंद झाले तसे कडेचे जुने वडही गेले. उंदीर मात्र सगळीकडं आहेत, गोदामात तर जास्तच. म्हणजे घुबडाचं ताट भरलेलं आहे, निजायला जागा नाही. जागा देणं आपल्या हातातलं आहे, म्हणून पेटी लावली.

पेटी कशी केली

जुन्या पॅलेटच्या फळ्या आपल्याकडं भंगारात मिळतात. फळीवर 'एचटी' शिक्का असलेलीच घ्यावी, ती तापवून निर्जंतुक केलेली असते. 'एमबी' शिक्क्याची घेऊ नये, तिला विषारी वायूची धुरी दिलेली असते.

लांबी 2 फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट. दार 6 इंच बाय 6 इंच, आणि ते तळापासून 9-10 इंच वर. दार खाली ठेवलं तर पिल्लं खेळता खेळता बाहेर पडतात. तळाला पाणी निचरायला चार-पाच भोकं. आत दोन इंच रंध्याचा भुसा, कारण हे घुबड काटक्या आणून घरटं बांधत नाही, आहे त्या जागेवर अंडी घालतं. वर छप्पर दुहेरी, मध्ये हवा खेळेल असं. कोकणातल्या उन्हात एकेरी पत्र्याखाली पिल्लं भाजून निघतील. दाराचं तोंड पूर्वेकडं, कारण आपला पाऊस नैर्ऋत्येचा. दाराबाहेर बसायला दांडी लावायची नाही, तिचा उपयोग कावळ्यालाच होतो.

खारात उंच झाड कुठलं, म्हणून 15 फुटांचा लोखंडी खांब पुरला. खांबाला मध्यावर गुळगुळीत पत्रा गुंडाळला, साप-मांजर चढू नये म्हणून. मोठ्या रस्त्यापासून लांब लावली. हे घुबड जमिनीपासून फार उंच उडत नाही, ट्रेलरच्या उजेडात सापडलं की संपलं.

खांब पुरताना काकी बांधावर उभी. म्हणाली, "घुबराला घर? येरा झायलास काय रं?"

तिचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही. रात्री कौलावर फिस्कारणारं, कवटीसारख्या पांढऱ्या तोंडाचं पाखरू बघून पिढ्यानपिढ्या माणसं घाबरली, तर नवल काय? पण तिकडं बंगालात हेच घुबड लक्ष्मीचं वाहन आहे. धान्याच्या कोठारातले उंदीर खाणारा पक्षी लक्ष्मीजवळ बसवला, त्यात शेतकऱ्याचंच डोकं दिसतं.

वहीत काय सापडलं

पहिल्या हंगामात पेटी साळुंक्यांनी बळकावली. दुसऱ्या वर्षी भात कापणी उरकली आणि मार्गशीर्षात पेटीखाली पांढरी विष्ठा दिसली. मग रोज दिवेलागणीला लांबच्या बांधावर बसून नोंदी सुरू केल्या. पेटी उघडली नाही, टॉर्च मारला नाही. अंड्यावर असताना त्रास झाला तर मादी घरटं सोडून देऊ शकते.

मादी साधारण महिनाभर अंड्यांवर बसते, तेव्हा नर तिला खाऊ आणून देतो. ती पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवायला लागते, त्यामुळं पिल्लं दोन-तीन दिवसांच्या फरकानं निघतात. जिन्याच्या पायऱ्यांसारखी लहानमोठी. खाणं भरपूर असेल तर सगळी जगतात, कमी पडलं तर शेवटचं शेंडेफळ जातं. म्हणजे पेटीतून किती पिल्लं उडाली यावरून त्या हंगामात शेतात खाद्य किती होतं याचा अंदाज येतो. आमच्या पेटीच्या दारात शेवटी चार तोंडं दिसायची. नर आला की आत अशी फिस्कार सुटायची, जणू कुकरची शिट्टी अडकलीय.

खरी माहिती मिळाली गोळ्यांतून. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस-हाडं यांची काळपट गोळी करून तोंडावाटे टाकतं. खांबाखालच्या गोळ्या गोळा केल्या, कोमट पाण्यात भिजवल्या आणि जुन्या टूथब्रशनं सोडवल्या. हातमोजे घालून, हे विसरू नका. पहिल्याच गोळीत तीन कवट्या निघाल्या. पुढं शेतातले उंदीर, चिचुंद्र्या आणि लहान घुशींचे जबडे येत राहिले. पूर्ण वाढलेल्या थोराड घुशीचं हाड मात्र एकदाही नाही, आणि ते बरोबरच आहे. अर्ध्या किलोच्या आसपासचा हा पक्षी. थोराड घूस त्याच्यापेक्षा जड भरते. तिच्यासाठी सापळाच. घुबड घुशीची पोरं उचलतं, आई-बाप आपल्याकडं ठेवतं.

सोबत दुसरी नोंद बिळांची. संध्याकाळी ठरावीक लांबीच्या बांधावरची सगळी बिळं चिखलानं बुजवायची, सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत बिळं, तेवढी मोजायची. दर पंधरा दिवसांनी, त्याच बांधावर. एका पेटीच्या एका हंगामावरून उंदीर इतके टक्के कमी झाले असं सांगणारा माणूस थापा मारतोय असं समजा. तीन-चार वर्षं आकडे जमले की बोलू.

खरी अडचण

पिल्लं तीनेक आठवड्यांची असताना शेजारच्या शेतातल्या भाऊंनी ब्रोमाडायोलोन आणलं. त्यांचा बांध माझ्या बांधाला लागून. हे औषध खाऊन उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि घुबडाला सगळ्यात आधी तोच सापडतो. औषध उंदराच्या काळजात साठतं, तिथून घुबडाच्या. मलेशियात ताडतेलाच्या बागांत गव्हाणी घुबडांसाठी हजारो पेट्या लावल्या, पण अशी औषधं वापरली तिथं घुबडंच मेल्याचं त्यांनाही बघावं लागलं. पेटी आणि ही वडी एका शिवारात नांदत नाहीत.

भाऊंना भेटलो. त्यांनी शांतपणे विचारलं, "उद्या खांड गेली तर तुझं घुबड येनार काय माती टाकायला?"

प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांची सगळी जमीन तेवढीच. मी म्हटलं, माती टाकायला मी येतो. शेवटी ठरलं असं: पिल्लं उडेपर्यंत वड्या नाहीत. त्याऐवजी दोघांनी मिळून दोन्ही बांधांची जिवंत बिळं खणायची, चिखल ठोकून भरायची, घुशींना सापळे लावायचे, बांधावरचं गवत काढून टाकायचं आणि शेतात इंग्रजी टी आकाराचे पक्षी थांबे उभे करायचे. दिवसा त्यावर कोतवाल बसतो, रात्री घुबड. आठ दिवसांचं अंगमेहनतीचं काम होतं, वड्या टाकायला अर्धा तास लागला असता. हा फरक मी लपवत नाही. मजूर मिळत नसताना शेतकरी वडीकडं का वळतो, हे कृषी खात्याच्या मंडळींनीही समजून घ्यावं.

घुबडाला सातबारा कळत नाही. इस्रायलमध्ये 1983 साली सदे एलियाहू या गावच्या शेतकऱ्यांनी अशा पेट्या लावायला सुरुवात केली. पुढं योसी लेशेम या पक्षीशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं 2002 पासून जॉर्डन आणि पॅलेस्टाईनचे शेतकरीही त्यात आले, कारण घुबडं सीमा ओलांडून शिकार करतात आणि पलीकडचं विष अलीकडच्या घुबडाला मारतं. तिथं तीन देशांची माणसं बोलली. आपल्याला एका बांधाचे दोन शेजारी बोलले तरी पुरतं.

लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर नारळ खाणाऱ्या उंदरांसाठी केरळातून गव्हाणी घुबडं न्यावी लागली. आपल्याला कुठून आणायची नाहीत. ती इथंच आहेत.

दोन गोष्टी जपून

एक, अंडी-पिल्लांना हात लावायचा नाही, पिल्लू पाळायला तर अजिबात न्यायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबडांना संरक्षण आहे. पिल्लू पडलेलं दिसलं तर वनखात्याला कळवा.

दोन, पेटीची जागा कुणाला सांगू नका. जादूटोण्यासाठी घुबडं विकली जातात, दिवाळीच्या सुमारास जास्त; 'ट्रॅफिक इंडिया'नं 2010 मध्ये यावर सविस्तर अहवाल काढला होता. म्हणूनच इथं पेटीचा जवळचा फोटो आहे, शिवाराचा नाही. भीती घालवायची तर मुलांपासून सुरुवात करावी. पुरंदरच्या पिंगोरीत इला फाऊंडेशननं 2018 मध्ये घुबडांचा उत्सव भरवला, शाळेची पोरं घुबडांची चित्रं काढत होती. आपल्या जिल्हा परिषद शाळेत एक गोळी भिजवून दाखवली तरी पुरे.

फाल्गुनात पिल्लं उडाली. भाऊंनी वड्यांचं पाकीट अजून फोडलेलं नाही, टाकूनही दिलेलं नाही; पत्र्याच्या डब्यात आहे. म्हणाले, पावसाळ्यात बांध कसा राहतो ते बघू. त्यांचं बरोबर आहे. आषाढ-श्रावणाची उधाणं उतरली की दोघांच्या बांधावरची जिवंत बिळं पुन्हा मोजणार आहोत. जो आकडा येईल तो इथं टाकतो, कमी आला तरी आणि जास्त आला तरी.

तुमच्या शिवारात गव्हाणी घुबड असेल तर जागा सांगू नका, त्यानं काय खाल्लं तेवढं कळवा.