‘जम्पर’ आणि दौंडला बदलायची गाडी

परीक्षा संपली की होस्टेलवर एक प्रश्न हमखास निघतो, "एकच शक्ती मिळणार असेल तर कुठली मागशील बे?" कुणाला अदृश्य व्हायचं असतं, कुणाला न वाचता पास व्हायचं असतं. बाहेरगावच्या पोरांचं उत्तर मात्र ठरलेलं. डोळे इथे मिटायचे अन् घरी उघडायचे!

नेमकी हीच गोष्ट २००८ च्या ‘जम्पर’ या हॉलिवूडपटात आहे. दिग्दर्शक डग लायमन, मूळ कादंबरी स्टीव्हन गूल्ड यांची, १९९२ ची. डेव्हिड राइस हा शाळकरी मुलगा गोठलेल्या नदीत बर्फ फुटून बुडतो आणि पुढच्याच क्षणी गावच्या लायब्ररीत ओलाचिंब पडलेला असतो. मग काय, बापाला कंटाळून घर सोडतो, बँकेच्या तिजोरीत उडी मारून पैसे आणतो, स्फिंक्सच्या डोक्यावर बसून ऊन खातो! सॅम्युअल जॅक्सन आणि त्याचे ‘पॅलाडिन’ मागे लागतात. सगळीकडे असण्याचा हक्क फक्त देवाचा, असं त्यांचं म्हणणं. इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी खास बातमी : विजेचा झटका बसला की जम्परची उडी बंद!

आता थोडं फर्स्ट इयरचं फिजिक्स. पृथ्वी फिरते, तिच्यासोबत सोलापूरही सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने फिरतं. नागपूरचा वेग थोडा कमी आणि त्याची दिशाही किंचित वेगळी. वेग तसाच ठेवून इथून तिथे उडी मारली, तर आपण घरच्या भिंतीवर ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने आपटू. आईने दार उघडून काही उपयोग नाही! खऱ्या प्रयोगशाळेतलं ‘क्वांटम टेलिपोर्टेशन’ १९९३ मध्ये कागदावर मांडलं गेलं आणि १९९७ मध्ये प्रयोगात उतरलं. पण त्यात वस्तू जात नाही, कणाच्या अवस्थेची माहिती जाते. तीही नेहमीच्या मार्गाने संदेश पोचल्याशिवाय पूर्ण होत नाही. म्हणजे तिथेही पोस्टमन लागतोच.

आपल्या मराठीतही एक जम्पर आहे, जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतला. मराठे पानिपत जिंकले अशा दुसऱ्याच जगात गंगाधरपंत जाऊन पडतात. तिथे ते तिजोरी फोडत नाहीत. रेल्वेने मुंबईला जातात आणि मुलाची चौकशी करतात. त्या नावाचं इथे कुणी नाही, असं उत्तर मिळतं. इतकी मोठी उडी, आणि पलीकडे आपलं माणूसच नाही!

हे सगळं मला सुचलं ते आमच्या रूम पार्टनरमुळे. तो नागपूरकडचा, आम्ही त्याला ‘भाऊ’ म्हणतो. गेल्या वर्षी रात्री अकराला त्याला फोन आला, बाबांना ॲडमिट केलंय, लगेच निघ. रेक्टर सरांनी काही न विचारता सही केली. मेसच्या काकांनी पोळ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली. मजल्यावरच्या पोरांनी खिसे रिकामे केले, एकाने गाडीवरून स्टेशनला सोडलं. दौंडला गाडी बदलून भाऊ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचला. बाबा सकाळीच गेले होते.

तेरावा करून तो परत आला. आठवडाभराने एवढंच म्हणाला, "उडी मारता आली असती, तर भेट झाली असती रे." यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आजही नाही. प्रवासच सुंदर असतो वगैरे वाक्यं त्या रात्रीच्या गाडीत बसलेल्याला कुणी ऐकवू नयेत.

पण तेव्हापासून ‘जम्पर’ मला वेगळा दिसतो. डेव्हिड टीव्हीवर पुरात अडकलेली माणसं बघतो आणि तसाच फिरायला निघून जातो. त्याच्याकडे शक्ती होती, ज्याच्यासाठी धावावं असं कुणी नव्हतं. भाऊकडे माणूस होतं, शक्ती नव्हती. आणि त्या रात्री होस्टेलने जमेल तेवढी शक्ती त्याला वर्गणी काढून दिली. दौंडच्या पुढे मात्र आमची वर्गणी पुरली नाही.

मित्रहो, पुढचं काम आपल्याच ब्रँचेसचं आहे. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली आणि मुंबई सुमारे साडेसहा तासांवर आली. हे तास कुणा जम्परने कमी केले नाहीत. रूळ, सिग्नल, मोटर यांवर डोकं घालणाऱ्यांनी केले. नागपूरकडचे तास अजून शिल्लक आहेत. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कुणीही घ्या हा प्रोजेक्ट. वाट बघणारं माणूस प्रत्येकाच्या घरी आहे.