माझे नाक

दिवाळी अंकात दारूवर लिहावे की लिहू नये, याबद्दल आमच्या घरात दोन तट आहेत. एका तटावर मी आहे आणि दुसऱ्यावर बाकीचे सगळे घर. "फराळाच्या ताटाशेजारी बाटली कशाला मांडता?" असा हिचा सवाल आहे आणि तो रास्तही आहे. पण मी सांगणार आहे ते पिण्याबद्दल नाही, चव पाहण्याबद्दल आहे. जेवणारा आणि आचारी यांच्यात जेवढे अंतर, तेवढेच पिणारा आणि चव पाहणारा यांच्यात असते. शिवाय ज्या संध्याकाळची ही हकीकत आहे, त्या संध्याकाळी चार माणसांत मिळून वाटीभर दारूसुद्धा संपली नाही.

आमचे मूळ घर केळव्याचे. आम्ही भंडारी, माझ्या आजोबांच्या आजोबांपासून ताडावर चढणारे. वैतरणेची खाडी ओलांडून गाडी सफाळे, केळवे रोड, पालघर करीत बोईसरकडे निघाली की दोन्ही बाजूंना जी उंच, एकलकोंडी झाडे दिसतात, ती आमची शेतीवाडी. १८७८ साली इंग्रजांनी मुंबईचा अबकारी कायदा केला आणि स्वतःच्या झाडाचा रस काढायलाही कर भरावा लागू लागला. पुढे १८९२ साली त्यांनी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर कायदा आणला. म्हणजे जंगलात आपोआप गळणारे फूल वेचणे हादेखील वारल्यांचा गुन्हा ठरू लागला. (पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा व्हायला २०१४ साल उजाडावे लागले.) मग १९४९ ची दारूबंदी आली. सरकारे बदलली, पण झाडाखाली उभा राहून वर बघणारा शिपाई काही बदलला नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, आज ८५ वर्षांचे आहेत. ते झाडावर चढायला शिकले ते दारूबंदीच्याच दिवसांत, नीरा काढण्यासाठी. नीरा आणि ताडी हा एकाच रसाचा पूर्वाश्रम आणि उत्तराश्रम. ताडाच्या फुलोऱ्याच्या दांड्यांना रोज पातळ काप द्यायचा, त्याखाली मडके बांधायचे. रात्रभर रस ठिबकतो. मडक्याला आतून चुन्याचा हात फिरवलेला असला तर पहाटे मिळते ती नीरा. चुना नसला तर हवेतले आंबवण रात्रीच कामाला लागते. सकाळी गोड असलेला रस दुपारी आंबटगोड होतो, तिसऱ्या प्रहरी जिभेला चावतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची वाटचाल शिरक्याकडे सुरू होते.

आप्पांना ताडी पिताना मी कधी पाहिले नाही. चव घेताना मात्र रोज पाहिले. झाडावरून मडके उतरले की ते प्रथम त्याला कान लावीत. आतून बारीक सळसळ ऐकू येते. आंबण्याचा तो आवाज. त्यावरून रस किती तासांचा आहे हे ते सांगत. मग वास. मग चूळभर रस तोंडात घेऊन, गालांत फिरवून, मातीवर थुंकून टाकीत आणि म्हणत, "खाडीकडची." किंवा, "विहिरीवरची. तिचा दुसरा काप उशिरा घेतलास तू." माझा चुलता खजील होई, कारण काप खरोखरच उशिरा घेतलेला असे. वीस-बावीस झाडे होती आणि प्रत्येकीची चव त्यांच्या जिभेवर स्वतंत्र खात्यात जमा होती. आम्हा पोरांना ती जादू वाटे. आज वाटते, ती नुसती लक्ष देण्याची सवय होती. पण अशा सवयीलाच जादू म्हणतात की काय कोण जाणे.

१९८५ साली आप्पा ज्या दुकानाला ताडी घालीत, त्या दुकानदाराने त्यांना एक पुडी दाखवली. पांढरे खडे होते. क्लोरल हायड्रेट. हे खरे म्हणजे झोपेचे औषध. निम्म्या ताडीत निम्मे पाणी घालून त्यात हे टाकले की गिऱ्हाईक नेहमीपेक्षा लवकर लोळते आणि 'माल कडक आहे' म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. आप्पांनी मिसळलेल्या ताडीचा एक घोट तोंडात घेतला, दुकानाच्या उंबऱ्यातच थुंकला आणि घरी आले. त्यानंतर त्या दुकानात आमचे मडके गेले नाही, आणि हळूहळू दुसऱ्या कुठल्याच दुकानात गेले नाही. कारण बाकीच्यांना पाणी-पुडीचा भाव परवडत होता, आमचा नव्हता. मी तेव्हा पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेज सुटले. आप्पांच्या त्या एका थुंकीने माझी पदवी गेली, असे मी पुढे बरीच वर्षे मनात धरून होतो. आता धरत नाही. पण धरत होतो हे लपवण्यातही अर्थ नाही.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात मला प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा मिळाली. तारापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला १९६९ सालापासून चालू असलेले अणुवीजकेंद्र आठवते; आम्हाला आठवतो तो वसाहतीचा वास. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा तारापूर ९३.६९ गुण मिळवून पहिले आले. आमच्या भागाचा कुठल्याही परीक्षेतला हा पहिलाच पहिला नंबर! मी मात्र त्या वासाला फार लवकर सरावलो. त्या काळी आमच्याकडे पिंपाचे झाकण उघडून, हाताने वाफ नाकाकडे ओढून माल ओळखण्याची पद्धत होती, आणि त्यात मी पटाईत होतो. आप्पांचेच नाक ते. तीस-पस्तीस वर्षे मी ते कारखान्याला भाड्याने दिले. शेवटी एकदा पावसाळ्यात हिने मोगऱ्याचा गजरा माझ्यापुढे धरला आणि "काय घमघमाट!" म्हणाली. मीही "वा!" म्हणालो. मला काहीच आले नव्हते. सर्दी असेल, असे वाटले. ती सर्दी आजतागायत गेलेली नाही. हे मी कोणालाच सांगितले नव्हते. भंडाऱ्याच्या पोराने नाक गेले म्हणून सांगायचे कसे?

गेल्या दिवाळीत आमचे चिरंजीव केंटकीहून आले. केंटकी हे अमेरिकेतले एक राज्य. तिथल्या चुनखडीच्या पाण्यात लोह फारसे नसते, म्हणून व्हिस्की चांगली होते, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. तिथल्या कुठल्याशा लहान भट्टीवर, थोडक्या पिंपांतून काढलेली बर्बनची एक बाटली त्याने आजोबांसाठी आणली होती. "लक्ष्मीपूजन झालेल्या घरात नाही," हिने बजावले. म्हणून पाडव्याच्या संध्याकाळी बैठक केळव्याच्या घराच्या ओटीवर भरली. आप्पा, मी, चिरंजीव आणि शेजारचे निवृत्त गुरुजी. गुरुजींनी आधी एक कायदेशीर शंका काढली, की महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. चिरंजीवांनी मुंबईत उतरल्या उतरल्या सर्वांचे परवाने काढून ठेवले होते. अमेरिकेत राहून पोरगा एवढा शिस्तीचा झाला, याचे गुरुजींना कौतुक वाटले.

कमळाच्या कळीसारखे, बुडाशी फुगीर आणि तोंडाशी आवळलेले चार पेले निघाले. प्रत्येकापुढे एक छापील कागद आला. रंग, वास, चव आणि गिळल्यानंतर मागे काय उरते, असे चार रकाने, प्रत्येकाला गुण. शेजारी वासांचे एक वर्तुळ : मध, जायफळ, सुकी फळे, चामडे, तंबाखू. चकलीच्या ताटाला हात लावायला बंदी झाली, कारण तिखटाने जीभ बिघडते.

"बर्बन म्हणजे," चिरंजीव म्हणाले, "निम्म्याहून जास्त मका. कायद्यानं ५१ टक्के तरी पाहिजेच. आणि ओकच्या कोऱ्या पिंपात ठेवायची, आतून जाळून कोळसा केलेल्या."

"पहिल्या धारेची असते का?" गुरुजींनी जाणकाराच्या आवाजात विचारले.

"पहिली धार ते ठेवत नाहीत, काका. तिच्यात घातक आणि उग्र ते सगळं आधी उडून येतं. शेवटचीही वेगळी काढतात. मधली तेवढी घेतात."

गुरुजी थोडे हिरमुसले. आपल्याकडे सबंध महाराष्ट्र ज्या धारेची ऐट मारतो, ती केंटकीत टाकून देतात, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी रंगाला दहापैकी नऊ गुण देऊन टाकले आणि नंतर बाकीच्या रकान्यांतही नऊच लिहिले. शाळेतही त्यांची तपासणी अशीच असे.

मग हुंगण्याची पद्धत शिकवण्यात आली. नाक पेल्यात खुपसायचे नाही, तोंड किंचित उघडे ठेवायचे, मद्याची झणझणी ओसरू द्यायची. नंतर दोन थेंब पाणी घालून पुन्हा. मी पेला उचलला. रंग सुरेख होता, मावळत्या उन्हात गुळाच्या काकवीसारखा. बाकी सगळे कोरे. पांढरी भिंत हुंगावी तसे. नाकात थोडे झोंबले, एवढेच. पण झोंबणे म्हणजे वास नव्हे.

"बाबा, काय येतंय?" चिरंजीवांनी विचारले. सात समुद्रांपलीकडून आणलेली बाटली होती, आणि पोराचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा झाला होता.

आता मी रसायनातला माणूस. ओकच्या लाकडातले लिग्निन तापले की त्यातून व्हॅनिलिन सुटते, आणि त्याच लाकडातल्या एका लॅक्टोनला खोबऱ्याचा वास असतो, हे मला ठाऊक होते. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "व्हॅनिला. आणि मागून थोडं ओलं खोबरं."

"अगदी बरोबर!" चिरंजीव ओरडले. "आजोबांचं नाक आहे हे!"

आजोबा मात्र माझ्याकडे बघत होते. त्यांनी स्वतःचा पेला अजून उचलला नव्हता.

"तू श्वास कुठं ओढलास?" ते म्हणाले.

मी काही बोललो नाही.

"हुंगणाऱ्याच्या नाकपुड्या मी जन्मभर बघत आलोय. तुझ्या हलल्या नाहीत. आला का वास तुला?"

"आप्पा, पुस्तकात..."

"पुस्तकात नाही. नाकात आला का?"

"नाही," मी म्हणालो. "सात-आठ वर्षं झाली. काहीच येत नाही."

ओटीवर कोणी बोलेना. समुद्राकडून वारा येत होता. त्यालाही वास असणारच. ही मघापासून दाराच्या चौकटीत उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे गेल्या वर्षी दूध करपून कोळसा झालं, तेव्हा तुम्ही शेजारीच पेपर वाचत बसला होता, ते यामुळं?" मी मान हलवली. "आणि गजरा?" तिने विचारले. मी पुन्हा मान हलवली. तिला गजऱ्याचा दिवस आठवत असेल असे मला वाटले नव्हते.

आप्पांनी तेवढ्यात पेला उचलला. प्रथम कानाशी नेला, जुनी खोड. मग हसले, कारण आत काही सळसळत नव्हते, ते केव्हाच निजलेले होते. मग नाकाशी धरून बराच वेळ बसले. एक लहान घोट घेतला, गालांत फिरवला आणि अंगणात तुळशीपासून लांब थुंकला. चिरंजीवांचा जीव वरखाली झाला; त्या घोटाची किंमत मी इथे लिहीत नाही.

"कणीस भाजल्यासारखं आहे," आप्पा म्हणाले. "लाकूड जाळलंय. जाळणाऱ्याचा हात थोडा जड पडलाय, पण माणूस कामाचा आहे." ते थोडे थांबले. "वरनं काही घातलेलं नाही."

"घालायला बंदीच आहे, आजोबा. रंगसुद्धा नाही, वास नाही, काही नाही. पाणी तेवढं चालतं."

"तसा कायदा आहे?"

"आहे."

आप्पांनी हे दोनदा विचारून घेतले. आजवर त्यांना भेटलेले कायदे कर मागणारे होते किंवा मडके फोडणारे होते. पुडी घालू नका असा कायदा आपल्याकडेही आहे. पण तो त्या उंबऱ्यापर्यंत कधी आला नव्हता.

"गुण किती देऊ?" चिरंजीवांनी पेन्सिल उघडली.

"गुण कसले? वरनं काही घातलेलं नाही, एवढं लिही."

चार रकान्यांवर आडवे तेवढेच लिहिले गेले. माझ्या कागदावरचे 'व्हॅनिला, खोबरे' मी खोडून टाकले. आप्पांनी आपला पेला माझ्यापुढे सरकवला. "नाक गेलं तरी जीभ आहे. गोड, कडू, आंबट एवढं तिला एकटीलाही कळतं. धर."

मी थेंबभर घेतले. आधी गोड लागले, मग कडेकडेने कडवट, मग नुसती धग. "गोड," मी सांगितले. "आणि थोडं कडू."

"हं. मग तेवढंच लिही."

ही आत गेली आणि चकल्यांचे ताट घेऊन बाहेर आली. ताट माझ्यापुढे धरून म्हणाली, "आणि या कशा झाल्यात, ते आता खरं सांगा."

मी चकली कानाशी नेऊन मोडली. आवाज चांगला आला, तसे सांगितले.