राजीनाम्यापूर्वीची आवराआवर

चि. बाळास,

व्हिडिओ गेम घडविणारे केइजी इनाफुने २०१० मध्ये कॅपकॉम कंपनीतून गेले, हिदेओ कोजिमा २०१५ मध्ये कोनामीतून, हे लिहून तू विचारले आहेस की, ज्या पेढीचा लौकिक माणसाने उमेदीच्या वयात वाढविला, तिचाच उंबरा तो केस पिकू लागल्यावर का ओलांडतो. मला या प्रश्नावरून गुन्पेई योकोई आठवतात.

सन १९६५ मध्ये ते क्योतोच्या निन्टेन्डोत लागले, ते हानाफुदा पत्ते छापणाऱ्या कारखान्यातील यंत्रांच्या देखभालीसाठी. तेथे फावल्या वेळी, केवळ स्वतःच्या करमणुकीखातर, जुन्या लिफ्टच्या जाळीदार दरवाजासारख्या एकमेकींवर तिरप्या खिळलेल्या पट्ट्यांचा एक चिमटा त्यांनी बनविला. मुठी आवळल्या की पट्ट्या लांबत जात आणि दूरची वस्तू पकडीत येई. तो मालक हिरोशी यामाउचींच्या दृष्टीस पडला, तेव्हा कानउघाडणी व्हायची ती न होता, त्याचेच खेळणे करण्याचा हुकूम सुटला. आणि ‘अल्ट्रा हँड’चे दहा लाखांहून अधिक नग खपले.

ज्या तंत्राचा नवेपणा ओसरून ते स्वस्त झाले आहे आणि ज्याच्या खोडी कारागिराला पाठ आहेत, त्याचाच कोणाच्या ध्यानीमनी नसलेला उपयोग शोधावा, हे त्यांचे ब्रीद. म्हणूनच त्यांचा हातात धरून खेळायचा १९८९ चा गेम बॉय प्रतिस्पर्ध्यांच्या रंगीत पडद्यांपुढे हिरवट, मळकट दिसे, परंतु चार पेन्सिल सेलांवर लांबचा प्रवास निभावून नेई.

१९९५ मध्ये त्यांचे व्हर्च्युअल बॉय हे खेळयंत्र बाजारात पडले, पुढल्या वर्षीच्या ऑगस्टात त्यांनी राजीनामा दिला, आणि लोकांनी दोन तारखा जोडून त्यांना अपयशाचे बळी ठरविले. हा अन्याय मला सहन होत नाही. पन्नाशीच्या सुमारास स्वतंत्र व्हावे हा मनसुबा जुनाच असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले होते. शिवाय जाण्यापूर्वी गेम बॉयची सडपातळ, खिशात मावणारी आवृत्ती त्यांनी पुरी करून दिली. हरलेला मनुष्य अशी नीट आवराआवर करीत नाही. त्याच उन्हाळ्यात निन्टेन्डो ६४ विक्रीस आला होता; अधिकाधिक बलाढ्य यंत्रांच्या त्या शर्यतीत त्यांच्या स्वभावाला जागा उरली नव्हती, असे मला वाटते.

क्योतोतच त्यांनी कोतो ही छोटी कंपनी काढली आणि बान्दाईसाठी वंडरस्वान हे यंत्र हाती घेतले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी, महामार्गावर अपघात झालेल्या गाडीतून ते खाली उतरले असता दुसऱ्या गाडीची धडक बसली आणि ते गेले, वय ५६.

यंत्र १९९९ च्या मार्चमध्ये निघाले. ते आडवे धरता येई तसे उभेही. पडद्याला रंग नव्हता. आणि पेन्सिल सेल लागे, तो एकच.

तुझा,
काका