दाद आणि दुसरी बाजू

मराठीतील 'दाद' हा शब्द फारसीतून आलेला आहे. फारसीत त्याचा अर्थ न्याय. आपल्याकडे आल्यावर त्याने दोन ठिकाणी बिऱ्हाड थाटले: एक न्यायालयात, दुसरे गाण्याच्या बैठकीत. ज्याच्यावर अन्याय झाला तो न्यायालयात दाद मागतो. आणि गायकाने एखादी जागा सुरेख घेतली की श्रोता त्याला दाद देतो. पहिल्या ठिकाणी वावरण्यात आमची तीस वर्षे गेली. परंतु मागायची दाद आणि द्यायची दाद मुळात एकच आहे, हे आमच्या ध्यानी आणून दिले ते एका इंग्रजी ध्वनिमुद्रिकेने. तेही आम्ही तिच्यावर केलेल्या अन्यायामुळे. तो कबुलीजबाब आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ध्वनिमुद्रिका 'पिंक फ्लॉइड' या लंडनच्या वाद्यवृंदाची. नाव 'विश यू वेअर हिअर', प्रकाशन सप्टेंबर १९७५. या संगीतप्रकारास प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून लांब, पसरट, वातावरण उभे करणाऱ्या रचना बांधणे हा त्याचा स्वभाव. सुमारे चव्वेचाळीस मिनिटांच्या या ध्वनिमुद्रिकेत गाणी चारच. त्यांपैकी 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' हे नऊ भागांचे गाणे दोन तुकड्यांत विभागलेले आहे. पहिले पाच भाग आरंभी, उरलेले चार अखेरीस.

१९९१ च्या पावसाळ्यात आम्ही बेळगावात कायद्याचे शिक्षण घेत होतो. टिळकवाडीतील एका जुन्या घराच्या माडीवर आमची खोली होती. खानापूर तालुक्यातला एक वर्गमित्र गोव्यातल्या आपल्या मामेभावाकडून या ध्वनिमुद्रिकेची कॅसेट घेऊन आला. बोलण्यात तो मितभाषी, पण त्या संध्याकाळी चहासुद्धा न घेता त्याने टेपरेकॉर्डर मांडला आणि म्हणाला, "हे पूर्ण ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही."

आरंभी एक मंद, तरंगता सूर. मग गिटारीचे चार स्वर, पुन्हा तेच चार स्वर. मनुष्याचा आवाज येण्यास आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. आमचा संयम त्यापूर्वीच संपला होता. "यांना गायक मिळाला नाही काय रे?" असे आम्ही विचारले. त्याने उत्तर दिले नाही. पुढील गाणे यंत्रांच्या घरघरीने भरलेले. कॅसेटची पहिली बाजू संपली आणि आम्ही निकाल जाहीर केला: "झोपेत बरळल्यासारखं आहे हे. राहू दे." त्याने कॅसेट काढली, डबीत ठेवली आणि तो पावसातच निघून गेला.

खाली पडवीत घरमालक बसले होते. भजनी मंडळात पेटी वाजविणारे गृहस्थ. वरचे सारे त्यांच्या कानी पडले असावे. आम्ही खाली उतरताच म्हणाले, "वकील होणार न्हवं तुम्ही? मग एकच बाजू ऐकून निकाल कसा काय लावलासा वो?"

आम्ही हसलो. त्याच सत्रात नैसर्गिक न्यायाची तत्त्वे आम्ही पाठ केली होती. दुसऱ्या पक्षाचेही ऐकून घ्यावे, हे त्यांतील एक प्रमुख तत्त्व. परीक्षेत त्यावर चार पाने लिहिली. घरमालकांनी त्याच तत्त्वावर बोट ठेवले होते, हे तेव्हा समजले नाही.

या ध्वनिमुद्रिकेवर घाईने निकाल देणारे आम्ही एकटेच नव्हतो, असे पुढे आढळले. १९७५ साली अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाच्या परीक्षकाला ती निरुत्साही वाटली होती. त्याच नियतकालिकाने २००३ साली सर्वश्रेष्ठ पाचशे ध्वनिमुद्रिकांची यादी केली, तेव्हा हिला २०९ वे स्थान दिले. सामान्य श्रोत्यांचे अभिप्रायही असेच परस्परविरोधी. कोणी म्हणतो, ही ऐकताना आपण तरंगतो. कोणी म्हणतो, ऐकता ऐकता डोळा लागतो. कोणास आरंभ आणि अखेर प्रिय, पण मधली दोन कडवट गाणी नकोशी; तर कोणाच्या मते त्या कडवटपणावाचून उरलेले सारे गुळमट झाले असते. गंमत अशी की स्तुती करणारा आणि नावे ठेवणारा दोघेही एकच विशेषण वापरतात: स्वप्नवत्.

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम ५१ या ठिकाणी आठवते. एखाद्याचे मत जेथे संबद्ध ठरते, तेथे त्या मताचा आधारही संबद्ध ठरतो, असे ते कलम सांगे. तो कायदा आता गेला. त्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व राखले आहे. 'स्वप्नवत्' हे झाले मत. त्याचा आधार काय?

आधार शोधू लागल्यावर दिसते की या धुक्यात आपोआप उतरलेले फारसे काही नाही. आरंभीच्या त्या तरंगत्या सुरात काचेच्या पेल्यांचा नाद मिसळलेला आहे. पेल्यांत कमीअधिक पाणी भरून त्यांच्या कडेवरून ओले बोट फिरविले की तो निघतो. आपल्या जलतरंगात काडीचा आघात असतो, येथे घर्षण आहे, एवढाच भेद. घरगुती वस्तूंच्या आवाजांतून एक अख्खी ध्वनिमुद्रिका घडविण्याचा या मंडळींचा बेत अर्धवट राहिला होता; त्यातला हा तुकडा येथे उपयोगी पडला. शीर्षकगीताच्या आरंभी रेडिओवरील स्थानके बदलल्याचा आवाज येतो, त्यात चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा एक कण ऐकू येतो. मग दुरून, पातळ आवाजात एक गिटार. आणि त्या गिटारीला जवळून साथ करणारी दुसरी. जणू कोणी खोलीत एकटाच बसून रेडिओबरोबर वाजवीत आहे. एकटेपणाचे इतके नेमके चित्र स्वप्नात पडत नाही. ते जागेपणीच रचावे लागते.

आणि हे सारे कोणासाठी? या वाद्यवृंदाचा एक संस्थापक सिड बॅरेट. 'पिंक फ्लॉइड' हे नावही त्यानेच दिले, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांच्या नावांवरून. आरंभीची गाणी त्याची. पुढे मनाचा तोल ढळत गेला आणि १९६८ साली त्याला वाद्यवृंद सोडावा लागला. उरलेल्यांना जगभर कीर्ती मिळाली, ती तो गेल्यानंतर. ते नऊ भागांचे गाणे त्याला उद्देशून आहे. १९७५ च्या जूनमध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्यावर काम चालू असताना एक स्थूल, डोके आणि भुवया भादरलेला मनुष्य आत येऊन बसला. बराच वेळ कोणी त्याला ओळखले नाही. तो बॅरेट होता.

आता आमच्या वर्गमित्राकडे वळतो. त्या दिवाळीनंतर तो महाविद्यालयात आलाच नाही. "त्याला कायदा झेपला नाही," असे कोणीतरी म्हणाले, आणि आम्हीही तेच पुढे सांगत राहिलो. वीसपंचवीस वर्षे. त्याच अधिनियमाच्या कलम ६० मध्ये म्हटले होते की जी गोष्ट ऐकण्याजोगी आहे, तिच्याविषयी साक्ष द्यायची ती ज्याने ती स्वतः ऐकली त्यानेच. ऐकीव पुराव्यास हरकत घेऊन आम्ही अनेक साक्षीदारांना अडविले आहे. स्वतःची ही साक्ष मात्र कधी तपासली नाही.

गेल्या वर्षी कार्यालयातील जुनी कपाटे आवरताना आमच्या हाताखालील एक तरुण वकील मोबाइलवर काही लावून बसला होता. ते चार स्वर आम्ही तत्काळ ओळखले. "पूर्ण ऐका साहेब," तो म्हणाला. या वेळी ऐकले. दुसऱ्या बाजूवर आरंभी धंदेवाईकांची टवाळी आहे, मग ते रेडिओचे गाणे, आणि मग पुन्हा तोच हिरा. अगदी अखेरीस, आवाज विरत विरत जात असताना, रिचर्ड राइट वाद्यावर एक छोटी चाल वाजवितो. तरुण वकिलाने सांगितले की ती 'सी एमिली प्ले' या गाण्याची चाल, १९६७ सालची, बॅरेटने बांधलेली. सारे प्रकरण ज्याच्याविषयी आहे त्याचाच दस्तऐवज शेवटच्या पानाला जोडलेला. पहिल्या बाजूवर उठून गेलेल्यास तो दिसावा कसा?

पुढच्या रविवारी आम्ही खानापूरकडे निघालो.

मित्राने ओळखले, आम्हांस मात्र त्याला ओळखण्यास क्षणभर लागला, हे नमूद करणे भाग आहे. काजूच्या बागेत काम करून तो पाठीत वाकला आहे. त्या दिवाळीत वडील अंथरुणाला खिळले, बहिणीचे लग्न व्हायचे होते, शेत बघायला दुसरे कोणी नव्हते. इतकेच कारण होते. "कळवायचं तरी होतंस," आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "तू विचारायला येशील असं वाटलं होतं."

'विश यू वेअर हिअर' हे शब्द मराठीत कसे आणावेत, यावर आम्ही एकदा बराच काथ्याकूट केला होता. मूळ इंग्रजीत ते प्रवासातून धाडायच्या पोस्टकार्डावरचे ठरावीक वाक्य. कोणालाही लिहावे असे. मराठीत ते कोणालाही लिहिता येत नाही. समोरचा 'तू' की 'तुम्ही', पुरुष की स्त्री, हे क्रियापदालाच ठरवावे लागते: असायला हवा होतास, हवी होतीस, हवे होता. मराठीत उणीव कोणाची हे ठरविल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. मित्राच्या त्या साध्या वाक्यात हा अनुवाद आम्हांस आयता मिळाला.

संध्याकाळी त्याच्या ओट्यावर आम्ही मोबाइलवर दुसरी बाजू लावली. दोघांपैकी कोणीही मध्ये बोलले नाही. आवाज विरत गेला, ती छोटी चाल आली, तेव्हा त्याने बोट वर केले.

"हे," तो म्हणाला. "हे ऐकवायचं होतं तुला."

आम्ही मान हलविली. दाद देण्यास तेहेतीसचौतीस वर्षांचा विलंब झाला होता. तरी या प्रकरणास मुदतीचा कायदा लागू करू नये, एवढीच वाचकांच्या दरबारी विनंती.