तबकड्यांची होळी आणि बोलोन्याचा वारा

ख्रिस्तसभा आणि संगीत यांचे नाते पुरातन आहे. मात्र ते सदैव सलोख्याचे होते असे म्हणता यावयाचे नाही. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी एक आज्ञापत्र काढले. त्यात चर्चमध्ये पियानो वाजविण्यास मनाई करण्यात आली; ढोल, झांजा अशा गोंगाटी वाद्यांनाही दार बंद झाले. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि निरनिराळ्या लोकसमूहांच्या स्वतःच्या संगीतपरंपरांना योग्य मान द्यावा असे सांगितले. दार पुन्हा किलकिले झाले.

योगायोग असा की, त्याच १९६३ साली बाहेरच्या जगातही एक नवे संगीत तरुणांच्या मनाचा ताबा घेत होते. लिव्हरपूलच्या चार तरुणांच्या ‘बीटल्स’ या वृंदाची पहिली दीर्घ तबकडी त्या वर्षी मार्च महिन्यात निघाली. मे महिन्यात अमेरिकेत बॉब डिलन या बावीस वर्षांच्या गायकाची दुसरी तबकडी आली आणि तिच्यात ‘ब्लोइन इन द विंड’ हे गीत होते. या दोन नावांभोवती पुढे जे दोन प्रसंग घडले, त्यांचा विचार मी अनेक वर्षे करीत आलो आहे. पॉप आणि रॉक संगीताच्या इतिहासात ते नोंदले गेलेच आहेत. परंतु माझ्या मते ते ख्रिस्तसभेच्याही इतिहासाचे प्रसंग आहेत.

पहिला प्रसंग १९६६ चा. त्या वर्षी ४ मार्च रोजी लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ या दैनिकात मॉरीन क्लीव्ह या पत्रकार महिलेने लिहिलेला जॉन लेनन याच्यावरील लेख आला. बोलण्याच्या ओघात लेनन म्हणून गेला होता की, ख्रिस्ती धर्म ओसरत जाणार आणि आजमितीस बीटल्स येशूपेक्षाही अधिक लोकप्रिय आहेत. इंग्लंडमध्ये त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. पण जुलैअखेर ‘डेटबुक’ या अमेरिकन किशोरांच्या मासिकाने तेच उद्गार पुन्हा छापले आणि वणवा पेटला. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरातल्या एका नभोवाणी केंद्राने बीटल्सची गाणी बंद करण्याची हाक दिली. दक्षिणेकडील गावोगावी तबकड्यांच्या होळ्या पेटल्या; कालपर्यंत ज्या मुलींनी खाऊचे पैसे साठवून त्या तबकड्या विकत घेतल्या होत्या, त्याच आता त्या आगीत टाकू लागल्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी नभोवाणीने घातलेली बंदी तर १९७१ पर्यंत टिकली.

११ ऑगस्ट रोजी शिकागो येथे पत्रकारांपुढे लेननने दिलगिरी व्यक्त केली. आपण देवाच्या वा ख्रिस्ताच्या विरोधात नाही, जे दिसते ते बोललो, असे त्याचे म्हणणे होते. १९ ऑगस्टला मेम्फिस येथील त्यांच्या कार्यक्रमाच्या वेळी बाहेर निदर्शने करावयास कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेष्टी संघटना उभी होती. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्को येथे कार्यक्रम झाला आणि त्यानंतर या चौघांनी तिकीट लावून जाहीर मैफल कधीही केली नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. ज्या बर्मिंगहॅममधून ही हाक उठली, त्याच शहरात तीन वर्षांपूर्वी, १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी, क्लॅनच्या माणसांनी कृष्णवर्णीयांच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब ठेवला होता. चार कोवळ्या मुली त्यात ठार झाल्या. तबकड्या जाळणारे सारे लोक काही क्लॅनचे नव्हते. बहुतेक जण साधेभोळे, देवभीरू होते. परंतु ज्या संघटनेच्या माणसांनी प्रभूचे मंदिर उडविले, तिला तीन वर्षांनी प्रभूच्या नावाची कैवारी म्हणून रस्त्यावर उभे राहता आले. क्रोध हे श्रद्धेचे माप झाले म्हणजे असे होते. क्रोध कोणालाही करता येतो. त्याला श्रद्धा लागत नाही.

आणि लेननच्या बोलण्यात जो सल होता त्याचे काय? त्याच्या शब्दांतला उद्दामपणा बाजूला काढला, तर खाली एक साधे निरीक्षण उरते: तरुण मुले आमच्याकडे धावत येतात आणि चर्चकडे पाठ फिरवितात. हे खरे की खोटे? खरे असेल तर का? तबकड्या जाळणाऱ्यांनी या प्रश्नाला हात घातला नाही. होळी विझली, राख उडून गेली आणि प्रश्न जागच्या जागी राहिला. ८ डिसेंबर १९८० रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, न्यूयॉर्कमध्ये लेननची हत्या झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये व्हॅटिकनच्या ‘ल’ओस्सेर्व्हातोरे रोमानो’ या दैनिकाने ते जुने उद्गार म्हणजे अनपेक्षित यशाने भांबावलेल्या एका श्रमिक घरच्या तरुणाची बढाई होती, असे सौम्यपणे म्हटले. बेचाळीस वर्षांनी आलेले हे शब्द समंजस होते. तेच १९६६ साली एखाद्या प्रवचनपीठावरून उच्चारले गेले असते तर किती बरे झाले असते!

दुसऱ्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी डिलनच्या त्या गीताची कुळकथा सांगणे अगत्याचे आहे. त्याची चाल अमेरिकेतील गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या एका भक्तिगीतावर आधारलेली आहे, हे डिलनने स्वतःच मान्य केले आहे. म्हणजे गीताच्या मुळाशी प्रार्थनाच होती. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे नागरी हक्कांसाठी सुमारे अडीच लाख लोक जमले, मार्टिन ल्यूथर किंग यांचे विख्यात भाषण झाले, त्या दिवशी पीटर, पॉल आणि मेरी या त्रयीने हे गीत गाइले. बर्मिंगहॅमचा बॉम्ब त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी फुटला. हे सारे गीत प्रश्नांचे आहे. मनुष्याने किती चालावे, अन्याय किती काळ चालावा, डोळ्यांदेखत घडणारे आपण कुठवर न पाहिल्यासारखे करावे, असे एकामागून एक प्रश्न त्यात येतात, आणि उत्तर म्हणून गायक केवळ वाऱ्याकडे बोट दाखवितो.

२७ सप्टेंबर १९९७, शनिवारची संध्याकाळ. इटलीतील बोलोन्या शहरात राष्ट्रीय युखारिस्त परिषद भरली होती. मोकळ्या मैदानात लाखो तरुण, एका बाजूस उंचावर सत्त्याहत्तर वर्षांचे, दुखण्याने थकलेले पोप दुसरे जॉन पॉल, आणि मंचावर छप्पन्न वर्षांचा बॉब डिलन. तोही त्याच वर्षी हृदयावरणाच्या गंभीर आजारातून उठलेला. ज्यू घराण्यात जन्मलेला, १९७९ च्या सुमारास ख्रिस्ताकडे वळून काही वर्षे केवळ भक्तिगीतेच रचणारा, पुढे पुन्हा आपल्या वाटेने गेलेला असा हा गायक. गाणे झाल्यावर त्याने डोक्यावरची रुंद हॅट काढली, पायऱ्या चढून तो पोप महोदयांकडे गेला आणि त्याने त्यांचा हात हाती घेतला.

त्या वेळी मी सेमिनरीत ईशज्ञानाचा विद्यार्थी होतो. आम्हा मुलांत या भेटीवरून जेवणाच्या टेबलावर बराच वाद झाला. मला भेटीपेक्षा भाषणाचे अप्रूप वाटले. पोप महोदयांनी तरुणांपुढे डिलनच्या त्या गीताचेच निरूपण केले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता: उत्तर वाऱ्यात आहे हे खरेच, मात्र सारे काही शून्यात उडवून नेणारा तो वारा नव्हे, तर पवित्र आत्म्याचा श्वास असलेला वारा. मनुष्याने चालावयाच्या वाटा किती, या प्रश्नालाही त्यांनी उत्तर दिले: वाट एकच, आणि ती म्हणजे ख्रिस्त.

ज्याने योहानाचे शुभवर्तमान वाचले आहे त्याला हे निरूपण ओढूनताणून केलेले वाटणार नाही. निकदेम रात्री प्रभूकडे आला तो प्रश्न घेऊनच, आणि प्रभूने त्याच्याशी वाऱ्याविषयीच बोलणे केले. शुभवर्तमानाच्या ग्रीक भाषेत ‘प्न्यूमा’ या एकाच शब्दाचे वारा, श्वास आणि आत्मा असे अर्थ होतात. हिब्रूतील ‘रुआह’ हा शब्दही तसाच. पोप महोदयांनी गायकाचा प्रश्न खोटा ठरविला नाही, त्याची थट्टा केली नाही की त्याच्या गळ्यात आपले शब्द घातले नाहीत. त्यांनी प्रश्न ऐकला, तो शेवटपर्यंत मांडू दिला आणि मग त्याला स्वतःचे उत्तर दिले.

सर्वांनाच हे रुचले नाही. कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, जे पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले, त्यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात लिहिले की, अशा ‘संदेष्ट्यांना’ तेथे व्यासपीठ देणे योग्य होते काय याविषयी आपल्याला तेव्हा शंका होती आणि एका अर्थी ती अजूनही आहे. मोझार्टवर जीव टाकणाऱ्या, स्वतः पियानो वाजविणाऱ्या या विद्वानाचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. जमावाला झिंग आणणारे संगीत आणि मनाला देवासमोर निवांत करणारे संगीत यांत भेद आहे, आणि उपासनेत तो पाळलाच पाहिजे. माझ्या धर्मग्रामात मिस्साच्या वेळी गिटार वाजते. पण समर्पणाच्या क्षणी शांतता असते, आणि ती तशीच असावी असा माझा आग्रह आहे. मात्र बोलोन्याची ती संध्याकाळ मिस्साची नव्हती. वेदीवर कोणते संगीत असावे हा एक प्रश्न, आणि चौकात गाणाऱ्या माणसाशी बोलावे की नाही हा दुसरा. पहिल्यात मला कार्डिनल पटतात, दुसऱ्यात पोप महोदय.

हा विचार केवळ ग्रंथातला नाही. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा मित्रांसमवेत रॉक संगीत वाजवीत असे आणि मिस्साला आलाच तर बाहेर क्रुसापाशी उभा राही. गृहस्थ म्हणाले, “फादर, तुम्हीच एकदा प्रवचनातून सांगा, हे सैतानाचे संगीत आहे म्हणून. आमचे ऐकत नाही, तुमचे ऐकेल.” मी त्यांना म्हटले, “आधी मला त्याचे ऐकू द्या.” मुलगा आला, बिचकतच. मी त्याला त्याची आवडती गाणी ऐकवावयास सांगितले. तासभर आम्ही दोघे ऐकत बसलो. काही गाणी मला मुळीच आवडली नाहीत, तसे मी त्याला सांगितले, तो हसला. एका गाण्यानंतर मात्र तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “फादर, आजी आजारी होती तेव्हा मी रोज रोझरी केली. ती गेलीच. मग ऐकत कोण होतं?”

त्या घरात वर्षभर या प्रश्नावर आवाजाची कुरबुर चालली होती. प्रश्न कोणी ऐकला नव्हता. मी त्या संध्याकाळी त्याला पुस्तकी उत्तर दिले नाही. क्रुसावरून प्रभूनेही पित्याला असाच प्रश्न केला होता, एवढेच सांगितले. तो मुलगा आज परगावी नोकरी करतो. मिस्साला जातो की नाही, हे मी त्याला विचारीत नाही. पण फोन करतो तेव्हा देवाविषयी भांडतो. ज्याच्याशी भांडतो, तो आहे असे तो धरून चालतो, हे मला पुरेसे आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेला हे नवे वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेले ‘ख्रिस्तपुराण’ रचले ते ओवीत. जात्यावर बसलेल्या बायकांच्या ओठी आणि संतांच्या ग्रंथांत जो छंद नांदत होता, तो त्यांनी आधी कानात साठविला आणि मगच त्यातून शुभवर्तमान सांगितले. ऐकणे अगोदर, सांगणे नंतर.

आपल्या तरुणांच्या कानांतल्या गाण्यांत पुष्कळ कचरा आहे हे मी नाकारीत नाही. परंतु त्या कचऱ्यात कुठेतरी एखादा खरा प्रश्न धुगधुगत असतो. आग लावली की कचऱ्याबरोबर तोही जातो, आणि उत्तर देण्यासाठी आपल्यासमोर कोणी उरत नाही.